काल सेव्ह केलेली फाइल आज सापडत नाही: कुठे कुठे पाहायचं

वर्डमध्ये अर्ज टाइप केला, सेव्ह केला, कॉम्प्युटर बंद केला. दुसऱ्या दिवशी येऊन पाहिलं तर फाइल गायब. नागपुरात मानेवाडा रोडवर मी कॉम्प्युटरचे बेसिक क्लास घेतो, आणि ही तक्रार प्रत्येक बॅचमध्ये असतेच. "सर, काल तर सेव्ह केली होती जी, आज काऊन नाही दिसून राहिली?" असं विचारणाऱ्यांत रिटायर झालेले काका असतात, बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या ताई असतात, आणि कोर्सचं सर्टिफिकेट घरी फ्रेम करून लावलेली पोरंही असतात. एकदा फाइल शोधून दिली म्हणून प्रश्न मिटत नाही. पंधरा दिवसांनी तोच माणूस दुसरी फाइल घेऊन, म्हणजे न घेऊन, हजर होतो.

म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. हे विंडोज १० आणि ११ साठी आहे. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी इकडे घराघरांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत अजून तेच चालू आहे. दोन्हींत फरक असेल तिथे तसं सांगतो.

सेव्ह झालेली फाइल आपोआप उडत नाही, हे आधी डोक्यात घ्या. ती बहुतेक वेळा त्याच कॉम्प्युटरमध्ये असते, फक्त तुम्ही पाहताय त्या फोल्डरमध्ये नसते. सेव्ह दाबताना खोक्याच्या वरच्या पट्टीत कोणत्या फोल्डरचं नाव आहे, हे फारसं कोणी वाचत नाही. कॉम्प्युटर जे फोल्डर पुढे करेल ते आपण मान्य करतो. आणि पुढे केलेलं फोल्डर दर वेळी सारखं नसतं. वर्ड एक दाखवतं, ब्राउझर दुसरं, मेलमधून उघडलेली फाइल तिसऱ्याच ठिकाणी बसलेली असते. सगळा घोळ इथून सुरू होतो.

फाइल सापडेपर्यंत तीन गोष्टी टाळा. तीच फाइल घाईघाईत परत टाइप करून त्याच नावाने सेव्ह करू नका. जुनी फाइल तिथेच असली तर तिच्यावर नवी चढेल. "कॉम्प्युटर स्लो झाला" म्हणून कोणी दिलेलं क्लीनर चालवू नका. आणि गुगलवर पहिलं दिसलेलं फुकट रिकव्हरी सॉफ्टवेअर तर अजिबात टाकू नका. त्याची गरज अगदी शेवटी पडते, आणि बहुतेकांना पडतच नाही.

पहिला उपाय: ज्या प्रोग्रॅममध्ये बनवली, त्यालाच विचारा

फोल्डर उघडत बसण्याआधी वर्डची फाइल असेल तर वर्ड, एक्सेलची असेल तर एक्सेल सुरू करा. फाइल मेनूत ओपन, त्यात रीसेंट. अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी येते, आणि प्रत्येक नावाखाली बारीक, फिकट अक्षरांत तिचा पत्ता असतो. ती बारीक ओळ वाचा, उत्तर तिथेच असतं. तिथे ई किंवा एफ ड्राइव्हचं अक्षर दिसलं तर फाइल बहुधा पेन ड्राइव्हवर सेव्ह झाली होती आणि पेन ड्राइव्ह आत्ता तुमच्या पर्समध्ये आहे. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फायली ठेवायची जागा) लिहिलेलं दिसलं तर खालचा वनड्राइव्हचा भाग वाचा.

यादीतून फाइल उघडली तर "सापडली" म्हणून थांबू नका. उघडल्यावर कीबोर्डवरचं एफ १२ दाबा. लॅपटॉपवर बऱ्याचदा एफएन धरून दाबावं लागतं. सेव्ह अ‍ॅजचं खोकं उघडतं, आणि ते साधारणपणे फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तेच दाखवतं. पत्ता वाचून घ्या. फाइल हवी तिथे ठेवायची असेल तर डावीकडून तुमचं फोल्डर निवडा आणि सेव्ह करा. एवढंच करून क्लासमधले बरेच जण सुटतात.

रीसेंटमध्ये नाव दिसतं पण क्लिक केल्यावर फाइल सापडत नाही असा संदेश येतो, तर फाइल हलवली गेली आहे, तिचं नाव बदललं आहे किंवा ती डिलीट झाली आहे. नाव तरी कळलं, आता शोधता येईल.

शोधायचं कसं, नाव आठवत नसलं तरी

विंडोजचं बटण धरून ई दाबा. फाइल एक्सप्लोरर उघडतं. विंडोज ११ मध्ये होम आणि १० मध्ये क्विक अ‍ॅक्सेस या पहिल्याच पानावर अलीकडच्या फायली दिसतात. आधी तिथे नजर टाका.

नसेल तर डावीकडे धिस पीसीवर क्लिक करा आणि वर उजव्या कोपऱ्यातल्या शोधाच्या चौकटीत नावाचा एखादा तुकडा टाका. पूर्ण नाव नको. "अर्ज" की "अर्जाची प्रत" की इंग्रजीत लिहिलं होतं, हे कोणाला आठवतं? नाव अजिबात आठवत नसेल तर स्टारचं चिन्ह, टिंब आणि पुढे फाइलचा प्रकार: वर्डसाठी डीओसीएक्स, एक्सेलसाठी एक्सएलएसएक्स, नाहीतर पीडीएफ. मग त्या प्रकारच्या सगळ्या फायली येतील. ढीग मोठा असेल तर विंडोज ११ मध्ये वर दिसणाऱ्या सर्च ऑप्शन्समधून डेट मॉडिफाइड निवडून टुडे किंवा यस्टरडे करा. विंडोज १० मध्ये हेच सर्च नावाच्या टॅबमध्ये आहे. नाव माणूस विसरतो, पण काम काल केलं होतं हे विसरत नाही. म्हणून मी तारखेने शोधायलाच आधी शिकवतो.

डी ड्राइव्हवर शोधताना हिरवी पट्टी हळूहळू सरकत राहते. विंडोज सगळ्या जागांची सूची आधीपासून करून ठेवत नाही, त्यामुळे तिथे वेळ लागतो. चहा घ्या, खिडकी बंद करू नका.

वनड्राइव्ह: दोन डॉक्युमेंट्स, दोन डेस्कटॉप

गेल्या काही वर्षांत घेतलेल्या लॅपटॉपवर सगळ्यात जास्त गोंधळ हाच. नवा लॅपटॉप सुरू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागितलं जातं, आपण पुढे-पुढे नेक्स्ट दाबतो, आणि त्यात वनड्राइव्हचा बॅकअप चालू होऊन बसतो. मग तुमचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तीन फोल्डरं वनड्राइव्ह नावाच्या फोल्डरच्या आत जातात. पण जुन्या जागीही डॉक्युमेंट्स नावाचं फोल्डर राहू शकतं. झेंडा चौकात भेटू म्हटलं तर नागपुरात धरमपेठेतला की महालातला हे विचारावं लागतं, तसंच इथे आहे: नाव एक, जागा दोन. वर्ड एकात सेव्ह करतं, तुम्ही दुसऱ्यात पाहता.

ओळखायचं असं. फाइल एक्सप्लोररमध्ये डावीकडचं डॉक्युमेंट्स उघडा आणि वरच्या पत्त्याच्या पट्टीत रिकाम्या जागी क्लिक करा. पूर्ण पत्ता उलगडतो. त्यात मध्ये वनड्राइव्ह आलं तर ते वनड्राइव्हचं डॉक्युमेंट्स. दुसरं पाहायचं तर सी ड्राइव्ह, त्यात युजर्स, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर, आणि त्यात डॉक्युमेंट्स. दोन्हींत एकदा शोधा.

फायलींशेजारची चिन्हंही वाचायला शिका. निळा ढग म्हणजे फाइल इंटरनेटवर आहे, या कॉम्प्युटरमध्ये फक्त तिचं नाव दिसतंय. नेट बंद असेल तर ती उघडणार नाही. हिरवी बरोबरची खूण म्हणजे फाइल इथेही आहे. फुकटच्या खात्यात जागा फक्त ५ जीबी मिळते. फोनमधले लग्नाचे फोटो त्यात गेले की ती भरते, आणि मग तीच फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर दिसत नाही म्हणून पुन्हा हाक येते.

बॅकअप बंद करायचा असेल तर घड्याळाजवळच्या ढगावर क्लिक, गिअरचं चिन्ह, सेटिंग्ज, सिंक अँड बॅकअप, मॅनेज बॅकअप. पण हे करताना घाई नको. बंद केल्यावर फायली कॉम्प्युटरवर ठेवायच्या की वनड्राइव्हमध्येच, असं विचारलं तर वाचून उत्तर द्या. न विचारता बंद झालं तर डेस्कटॉप अचानक रिकामा दिसतो आणि घरात आरडाओरडा होतो. फायली गेलेल्या नसतात, वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या डेस्कटॉपमध्ये असतात. तिथून कापून आपल्या जागी आणा.

वनड्राइव्ह वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. लॅपटॉप पडला, हार्ड डिस्क गेली तर तोच वाचवतो. पण ज्याला अजून फोल्डर म्हणजे काय ते कळलेलं नाही, त्याच्या गळ्यात न सांगता बांधायची ही वस्तू नव्हे. माझ्या नव्या विद्यार्थ्यांना मी वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डीफॉल्ट या ओळीवर टिक करायला लावतो.

डाउनलोड झालं, पण कुठे

परीक्षेचा फॉर्म, हॉल तिकीट, लाइट बिल, व्हॉट्सअ‍ॅप वेबवर आलेली पीडीएफ. ब्राउझरमधून आलेलं हे सगळं सहसा डाउनलोड्स फोल्डरमध्ये जातं. ब्राउझर उघडा असतानाच कंट्रोल धरून जे दाबा, यादी येते. तिथे फोल्डरच्या चिन्हावर क्लिक केलं की फाइल जिथे आहे तेच फोल्डर उघडतं. फाइल दिसली नाही म्हणून परत-परत डाउनलोड केली असेल तर त्याच नावापुढे कंसात १, २, ३ लागलेल्या प्रती दिसतील. शेवटची ठेवा, बाकी काढा, नाहीतर दुकानात जुनीच प्रिंट होते. क्रोममध्ये सेटिंग्ज, डाउनलोड्स इथे प्रत्येक फाइल कुठे ठेवायची ते आधी विचारण्याचं बटण आहे. ते चालू केलं तर निम्मी डोकेदुखी जाते.

यात दोन सापळे आहेत, आणि दोन्हींत केलेलं काम खरोखर वाया जातं.

पहिला झिपचा. कॉलेजने किंवा ऑफिसने झिप फाइल, म्हणजे फायली दाबून बांधलेलं गाठोडं, पाठवली. तुम्ही दोनदा क्लिक केलं, आतली वर्डची फाइल दिसली, उघडली, तासभर बसून भरली, सेव्ह केली. विंडोजने तुम्हाला झिपच्या आतली मूळ फाइल दिलेलीच नसते. तात्पुरती प्रत काढून उघडलेली असते. तुमचं काम त्या तात्पुरत्या प्रतीत जातं, झिपमधली फाइल कोरीच राहते. म्हणून झिपवर राइट क्लिक करून एक्स्ट्रॅक्ट ऑल करा, आणि जे नवं फोल्डर तयार होईल त्यातली फाइल उघडा. काम आधीच करून बसला असाल तर वरचा रीसेंटचा उपाय लगेच, कॉम्प्युटर बंद करण्याआधी करा. ती तात्पुरती प्रत कधी कधी तशीच सापडते. मेलच्या अ‍ॅपमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या डेस्कटॉप अ‍ॅपमधून थेट उघडलेल्या फाइलचंही असंच: आधी सेव्ह अ‍ॅज करून आपल्या फोल्डरमध्ये घ्या, मग हात लावा.

दुसरा पीडीएफचा. फॉर्म ब्राउझरमध्येच उघडतो, त्यातच नाव-पत्ता भरता येतो, आणि भरून झाल्यावर माणूस टॅब बंद करतो. भरलेलं गेलं. वरच्या डाउनलोडच्या बाणावर क्लिक करून बदलांसकट प्रत उतरवून घ्यायची, मगच टॅब बंद करायचा.

पेन ड्राइव्हमध्ये टाकली, दुकानात उघडली नाही

सीताबर्डीवर झेरॉक्सच्या दुकानात गर्दी असते, काउंटरवरचा पोरगा पेन ड्राइव्ह लावतो, दोन सेकंदांत म्हणतो, "काकू, याच्यात फाइल नाही." काकूंनी घरी स्वतःच्या डोळ्यांनी टाकलेली असते. दोघंही खरं बोलत असतात.

काकूंनी डेस्कटॉपवरचा शॉर्टकट कॉपी केलेला असतो. शॉर्टकट म्हणजे फाइलकडे नेणारा नुसता दुवा. त्याच्या चित्रावर खाली डाव्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण असतो, आणि त्याचा आकार एक-दोन केबी असतो. घरच्या कॉम्प्युटरवर तो उघडतो, कारण खरी फाइल तिथे आहे. दुकानात उघडत नाही. उपाय सोपा: घरी शॉर्टकटवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, ओपन फाइल लोकेशन. खऱ्या फाइलचं फोल्डर उघडतं, ती कॉपी करा. पेन ड्राइव्हमध्ये टाकल्यावर प्रॉपर्टीजमध्ये आकार पाहण्याची सवय लावा. फोटो लावलेला बायोडाटा दोन केबीचा असूच शकत नाही.

दुसरा प्रकार जास्त त्रासाचा. पेन ड्राइव्ह उघडला तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले, किंवा तो पूर्ण रिकामा. पण प्रॉपर्टीजमध्ये जागा मात्र व्यापलेली दिसते. हा व्हायरस आहे. सायबर कॅफेतून, प्रिंटच्या दुकानातून, क्लासमधल्या एखाद्या मशीनमधून येतो. तो फायली पुसत नाही, लपवतो. शॉर्टकटवर क्लिक केलं की तुमचा कॉम्प्युटरही बिघडतो, म्हणून त्यावर क्लिक करायचं नाही. आधी ड्राइव्हवर राइट क्लिक करून डिफेंडरने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसने, स्कॅन करा. मग फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत हिडन आयटम्सवर टिक करा. विंडोज ११ मध्ये ते व्ह्यूच्या आत शोमध्ये आहे. तरीही फायली दिसल्या नाहीत तर फोल्डर ऑप्शन्सच्या व्ह्यू टॅबमध्ये हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स ही टिक काढा. विंडोज इशारा देईल, हो म्हणा. फिकट रंगात तुमची फोल्डरं दिसतील. कधी कधी ती सगळी एका बिननावाच्या फोल्डरमध्ये कोंबलेली असतात. फायली कॉम्प्युटरवर कॉपी करा, पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा, आणि काढलेली टिक परत लावा. ती तशीच ठेवली तर विंडोजच्या स्वतःच्या फायली समोर दिसत राहतात आणि घरातलं कोणी तरी "कचरा" म्हणून त्या उडवतं.

कृतिदेवमधले अर्ज

हे इंग्रजी शिकवणीत कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. आपल्याकडे टायपिंगच्या परीक्षेची तयारी केलेले, कोर्टाजवळ किंवा तहसीलजवळ बसून अर्ज टाइप करणारे बरेच लोक कृतिदेव फॉन्ट वापरतात. कृतिदेवमध्ये कागदावर मराठी दिसत असलं तरी कॉम्प्युटरच्या आत ती इंग्रजी अक्षरंच असतात. फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. पहिल्यांदा सेव्ह करताना वर्ड फाइलचं नाव स्वतः सुचवतं, आणि ते पहिल्या ओळीतून उचलतं. आता मराठी अर्जाची पहिली ओळ काय असते? "प्रति,". कृतिदेवमध्ये "प्रति" म्हणजे आय, झेड, एफ, आर ही चार अक्षरं. फाइलच्या नावाला फॉन्ट लागत नाही, त्यामुळे नाव पडतं ते याच चार इंग्रजी अक्षरांचं.

मग माणूस शोधाच्या चौकटीत "अर्ज" टाकतो, "प्रति" टाकतो, काही येत नाही. फाइल समोर असते, पण त्या विचित्र नावाकडे पाहून वाटतं हे काही तरी विंडोजचं असेल. कृतिदेववाल्यांनी सरळ त्या चार अक्षरांनीच शोधून पाहावं, कितीतरी जुने अर्ज वर येतील.

यात खरं नुकसान वेगळंच आहे. प्रत्येक अर्ज "प्रति"नेच सुरू होतो. दुसरा अर्ज सेव्ह करताना वर्ड तेच नाव सुचवतं आणि विचारतं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? आपण येस दाबतो. पहिला अर्ज गेला. रीसायकल बिनमध्येही तो सापडत नाही, कारण तो डिलीट झालेलाच नाही, त्याच्यावर दुसरा लिहिला गेला आहे. म्हणून नाव स्वतः टाका. कामाचं नाव, माणसाचं आडनाव, तारीख. तारीख लिहिताना तिरपी रेघ चालत नाही, विंडोज नावात ती स्वीकारत नाही. त्याऐवजी आडवी रेघ घ्या. तिरपी रेघ टाकली की एक इंग्रजी खोकं येतं, लोक न वाचता ओके दाबतात आणि सेव्ह झालं असं समजून उठतात. शक्य असेल तर युनिकोडकडे वळा, त्यात कॉम्प्युटरच्या आतही मराठी अक्षरंच असतात, मग मराठीत नाव देता येतं आणि मराठीत शोधताही येतं.

फॉर्म भरताना फाइल दिसतच नाही

फोटो अपलोड करा म्हणून बटण दाबलं, खोकं उघडलं, फोल्डर बरोबर आहे, पण फोटो नाही. हे खोकं सगळ्या फायली दाखवत नाही. वेबसाइटने जेपीजी मागितलं असेल तर तेवढ्याच दिसतात, तुमची पीडीएफ तिथेच असून लपलेली राहते. खाली उजवीकडच्या यादीत ऑल फाइल्स करा, दिसेल. पण दिसली म्हणून चालेल असं नाही, साइटला जो प्रकार हवा त्यात बदलूनच द्यावी लागेल. आयफोनवरून आलेले फोटो बऱ्याचदा एचईआयसी प्रकारचे असतात, तेही यातच अडकतात. वर्डच्या ओपनमध्येही हाच प्रकार: पीडीएफ करून ठेवलेली फाइल वर्डच्या फायलींमध्ये शोधत बसतात. व्ह्यूमध्ये फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करून ठेवा, म्हणजे एकाच नावाच्या तीन फायलींत वर्डची कोणती आणि पीडीएफ कोणती हे नावावरूनच कळेल.

लाइन गेली, क्लासचं मशीन, घरातला दुसरा लॉगिन

मे महिन्यात दुपारी सगळ्या घरांत कूलर चालू, आणि तेवढ्यात लाइन जाते. यूपीएस नसेल तर डेस्कटॉप जागीच बंद. वर्ड परत उघडल्यावर डावीकडे डॉक्युमेंट रिकव्हरीची पट्टी आली तर तिला बंद करू नका. त्यातली सगळ्यात अलीकडच्या वेळेची फाइल उघडा आणि लगेच नाव देऊन सेव्ह करा. पट्टी आली नाही तर फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स. चुकून डोन्ट सेव्ह दाबलं असेल तरी आधी इथेच पाहा. ऑफिस साधारण दर १० मिनिटांनी अशी प्रत काढतं. ऑप्शन्स, सेव्हमध्ये जाऊन ते २ मिनिटं करा, निदान उन्हाळ्यापुरतं.

विंडोज ११ चं नोटपॅड वेगळाच भ्रम निर्माण करतं. सेव्ह न करता बंद केलं तरी पुढच्या वेळी मजकूर परत दिसतो, म्हणून लोकांना वाटतं फाइल सेव्ह आहे. फोल्डरमध्ये ती कुठेच नसते. टॅबच्या नावाशेजारी टिंब दिसत असेल तर सेव्ह बाकी आहे.

क्लासच्या आणि सायबर कॅफेच्या मशीनवर डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर असतं. कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला की सी ड्राइव्ह ठरलेल्या स्थितीत परत येतो, तुम्ही डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं जातं. तिथे शोधून उपयोग नाही. उठण्याआधी पेन ड्राइव्हवर घ्या किंवा स्वतःला मेल करा, आणि ज्याचं मशीन आहे त्याला विचारा की कोणता ड्राइव्ह फ्रीझ केलेला नाही.

घरी मुलाचा वेगळा लॉगिन असेल तर त्याचा डेस्कटॉप वेगळा, डॉक्युमेंट्सही वेगळं. सी ड्राइव्हच्या युजर्समध्ये दोघांची फोल्डरं दिसतात. आणि एखाद्या दिवशी लॉगिन केल्यावर वॉलपेपर बदललेला, डेस्कटॉप पूर्ण मोकळा आणि खात्यात साइन इन करता आलं नाही असा संदेश दिसला, तर विंडोजने तात्पुरतं प्रोफाइल उघडलं आहे. तिथे काहीही सेव्ह करू नका, साइन आउट झाल्यावर ते पुसलं जातं. एकदा रीस्टार्ट करा. बऱ्याचदा जुनं प्रोफाइल परत येतं, नाही आलं तर जाणकाराला दाखवा.

खरंच डिलीट झाली असेल तर

रीसायकल बिन उघडा, व्ह्यू डीटेल्स करा. ओरिजिनल लोकेशन नावाचा रकाना फाइल आधी कुठे होती ते सांगतो. रीस्टोअर केल्यावर फाइल डेस्कटॉपवर न येता त्याच जुन्या जागी परत जाते. "रीस्टोअर केली तरी नाही आली" म्हणणाऱ्यांनी तो रकाना वाचावा.

पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेली आणि शिफ्ट धरून डिलीट केलेली फाइल बिनमध्ये येत नाही. अशा वेळी त्या ड्राइव्हवर नवं काही टाकू नका. डिलीट झालेल्या फाइलची जागा फक्त मोकळी म्हणून धरलेली असते, तिथे नवं लिहिलं गेलं की जुनं परत आणणं अवघड होतं. मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाइल रिकव्हरी हे साधन स्टोअरवर मोफत आहे, पण ते कमांड टाइप करून चालतं, नवशिक्याचं काम नाही. कोणाकडून करून घेणार असाल तर त्याला फाइलचं नाव, प्रकार, ती शेवटची कधी आणि कोणत्या ड्राइव्हवर होती हे लिहून द्या, आणि परत आणलेली फाइल त्याच पेन ड्राइव्हवर न ठेवता दुसऱ्या ड्राइव्हवर घ्यायला सांगा.